पथ्य पोराला नको, घराला लावा

साताऱ्यात काय नि सांगलीत काय, अंगानं भरलेलं पोर दिसलं की पाहुण्यांची पहिली दाद ठरलेली: "पोरगं पैलवान दिसतंय." तालमींच्या या मुलुखात हे कौतुकच. आज्जी आणखी एक भाकरी ताटात टाकते, "खा की रं, वाढतं वय हाय तुझं." पण कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक आणलं ते बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोंच्या आत. आज सातवी-आठवीतली कितीतरी मुलं त्याहून वजनदार आहेत. पैलवानाचा खुराक आपण उचलला. त्यामागचे रोजचे जोर, बैठका आणि तासन्‌तासांची लढत मात्र तालमीतच राहिली.

अशा मुलाला दवाखान्यात नेलं की केसपेपरवर तीन ओळी येतात: वजन कमी करणे, व्यायाम करणे, बाहेरचे खाणे बंद. त्या बरोबर आहेत. पण त्यानं मुलाचं वजन हलत नाही आणि सहा महिन्यांनी आई-वडील, डॉक्टर, शिक्षक सगळे मिळून मुलालाच दोष देतात: "जिभेवर ताबा नाही." आमचं म्हणणं स्पष्ट आहे. मुलांच्या लठ्ठपणावर जीवनशैलीतला बदल हा उपचार आहे, आणि कुठल्याही उपचाराला असते तशी त्यालाही मात्रा असते. ती तासांत मोजतात, ती घरातल्या सगळ्यांना द्यावी लागते, आणि शाळा नि गाव सोबत नसतील तर ती लागू पडत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आज मिळतो तो फक्त सल्ला.

मात्रा किती, याला आधार आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात तीन ते बारा महिन्यांत मिळून किमान २६ तासांचा प्रत्यक्ष संपर्क हवा असं म्हटलं आहे, तोही मूल आणि कुटुंब दोघांशी. आपल्या बाह्यरुग्ण विभागातली पाच मिनिटं त्याच्यापुढे ठेवून बघा. प्रतिजैविकाच्या पाच दिवसांच्या कोर्सऐवजी एकच गोळी दिली आणि ताप उतरला नाही, तर आपण रोग्याला बोल लावत नाही. इथं मात्र लावतो.

मुळात लठ्ठपणा आहे की नाही हे डोळ्यांनी ठरत नाही. वजन किलोत, उंची मीटरमध्ये घेऊन वजनाला उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय येतो. मोठ्यांसारखा एकच आकडा मुलांना लागू होत नाही, कारण वयानुसार आणि मुलगा-मुलगी यानुसार तो बदलतो. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे तक्ते ५ ते १८ वर्षांसाठी आहेत. त्यावर मोठेपणीच्या बीएमआय २३ शी जुळणारी रेघ ओलांडली की जादा वजन आणि २७ शी जुळणारी ओलांडली की लठ्ठपणा. घरच्या घरी पाहायचं तर सुतळी घ्या. मुलाच्या उंचीइतकी कापा, दुमडून अर्धी करा आणि पोटाभोवती गुंडाळा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, मूल सहज श्वास सोडून उभं असताना. टोकं जुळली नाहीत तर पोटावरची चरबी जास्त आहे. १४० सेंटिमीटर उंचीच्या मुलाची कंबर ७० च्या आत हवी, एवढा साधा हिशेब.

आणखी एक खूण घरात रोज दिसते आणि रोज चुकीची वाचली जाते. मानेमागे, काखेत कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी होते. आई ती मळ समजून बेसन लावून, दगडानं घासून काढू पाहते. तो मळ नसतो. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की कातडीवर असा बदल दिसतो. मान घासू नका, रक्त तपासा: उपाशीपोटी साखर किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), चरबीचं प्रमाण, यकृतासाठी एएलटी, सोबत मुलाच्या मापाच्या पट्ट्यानं रक्तदाब. खाण्यामुळे लठ्ठ झालेलं मूल बहुधा वयाच्या मानानं उंचही असतं. मूल लठ्ठ आहे पण उंची खुंटली आहे, असं दिसलं तर थायरॉइड किंवा इतर ग्रंथींचा आजार आधी शोधायला हवा. रात्री मोठ्यानं घोरणं, मध्येच श्वास अडकणं, मांडी-गुडघा दुखून लंगडणं, यातलं काही असेल तर व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टर.

"आपल्याकडं कुपोषण आहे, लठ्ठपणा हे श्रीमंतांचं दुखणं," असं जिल्ह्याच्या बैठकांत अजून ऐकू येतं. जत, आटपाडी, माण, खटावच्या दुष्काळी पट्ट्यात किडकिडीत मुलं आहेत आणि त्यांचं ताट भरलंच पाहिजे, यात वाद नाही. पण हे दोन प्रश्न वेगळ्या घरांतले नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकापासून पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या माता आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. तरी आपल्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र वजनाच्या मानानं टिकून होती. म्हणजे आईच्या पोटात असताना उपासमार सोसलेल्या आपल्या लेकरांचं शरीर चरबी साठवायला आधीच तयार असतं. आता वाडीवस्तीवरच्या टपरीतही पाच-दहा रुपयांची पाकिटं लटकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाण २०१५-१६ ला २.१ टक्के होतं, ते २०१९-२१ ला ३.४ टक्के झालं. आकडा लहान आहे, पण त्याची दिशा कुणीही ओळखेल.

"मोठा झाला की उंचीत जाईल," हा दुसरा दिलासा. वर्षभराच्या बाळाचं बाळसं पाच-सहा वर्षांपर्यंत झडतं, ते खरं आहे. त्यानंतर मात्र गणित उलटतं. वयात येताना लठ्ठ असलेल्या मुलांपैकी सुमारे ८० टक्के मोठेपणीही लठ्ठच राहतात, असं निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब सांगतो. वाट बघण्याची किंमत मूल मोजतं.

यात एक मोठी सवलत आहे, ती पालकांना कुणी सांगत नाही. वाढत्या मुलाचं वजन बहुतेक वेळा कमी करावं लागत नाही, थांबवलं तरी पुरतं. दहा वर्षांचं मूल, उंची १४० सेंटिमीटर, वजन ४८ किलो: बीएमआय २४.५. वर्षात ते सहा सेंटिमीटर वाढलं आणि वजन ४८ वरच राहिलं तर बीएमआय २२.५ वर येतो. पुढच्या वर्षी आणखी सहा सेंटिमीटर, वजन तेच, तर २०.८. एकही किलो न उतरवता. म्हणून काट्यावर तीन महिने तोच आकडा दिसला तर तो विजय समजावा. नेमकं याच वेळी घरातलं कुणीतरी "काही फरक नाही" म्हणून सगळं सोडून देतं किंवा रात्रीचं जेवण बंद करतं. जेवण बंद केलेलं मूल दुपारी निमूट राहतं आणि संध्याकाळी सातला फरसाणाच्या डब्यावर तुटून पडतं. उपास, एकवेळ जेवण, भात-भाकरी पूर्ण बंद, पावडरीचे शेक, यातलं काहीही वाढत्या मुलाला देऊ नये. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी, सकाळी लघवीनंतर, आणि घराबाहेर कुणासमोर नाही.

आता ताट. आपल्या भागातल्या मुलाचं जास्तीचं खाणं भाकरी-भाजीतून क्वचितच येतं. ते येतं दोन जेवणांच्या मधल्या वेळेतून आणि पेल्यातून. सकाळी चहा नि चार बिस्किटं किंवा बेकरीतले बटर, संध्याकाळी पुन्हा तेच. कपाला दोन चमचे साखर धरली तर दोन कपांत २० ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या. १८०० कॅलरी लागणाऱ्या मुलाला हे पाच टक्के म्हणजे साधारण २२ ग्रॅम. ते चहातच संपलं. वर २०० मिलीच्या थंड पेयाच्या बाटलीतले २० ग्रॅमच्या आसपास. ऊसपट्ट्यात उसाचा रस औषध मानला जातो, पण मोठ्या पेल्यात ३० ग्रॅमच्या वर साखर उतरते. गूळ आणि काकवीचंही तेच. मातीतलं, घरचं, बिनरसायनाचं असलं तरी शरीर त्याला साखर म्हणूनच मोजतं. तासगावच्या बेदाण्यांची ३० ग्रॅमची मूठ म्हणजे ९० कॅलरी, दोन घासांत संपते. तेवढ्याच कॅलरीत सव्वाशे ग्रॅम द्राक्षं येतात आणि ती चावून खायला वेळ लागतो. मुलाला द्राक्षं द्या, बेदाणे सणाच्या खिरीत राहू देत. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींबद्दल तर एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की त्या 'हेल्थ ड्रिंक' या वर्गात दाखवू नका. दूध साधंच द्यावं, बिनसाखरेचं.

तेलाचा हिशेब महिन्याच्या किराण्यावरून करता येतो. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल तर माणशी रोज ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या. तीन लिटरवर आणलं तर २३ ग्रॅम, २०५ कॅलरी. कुणाचीही भाकरी न तोडता रोजच्या सव्वाशेहून जास्त कॅलरी गेल्या. महिन्याच्या पहिल्या तारखेला तीन लिटर वेगळं काढून ठेवा आणि फोडणीला बुधली न ओतता चमचा वापरा, नाहीतर हे जमत नाही. आपल्याकडच्या प्रत्येक भाजीत शेंगदाण्याचं कूट पडतं. कूट वाईट नाही, पण ३० ग्रॅमची मूठ म्हणजे १७० कॅलरी. तेलही सढळ आणि कूटही सढळ, असं दोन्ही नको. भडंग हातात हलकं लागतं म्हणून पोटाला हलकं समजू नये, त्यातलं तेल आणि शेंगदाणे डोळ्यांना दिसत नाहीत.

मग वाढायचं काय? अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं: मेथी, शेपू, अंबाडी, दोडका, गवार, काकडी, मुळा. पाव ताट शाळूची भाकरी, उरलेलं पाव मटकीची उसळ, घट्ट वरण, अंडं किंवा कोरेगावचा वाघ्या घेवडा. पहिलं वाढणं संपल्यावर पंधरा मिनिटं थांबून मगच दुसरं. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला एवढा वेळ लागतो. मोबाइल बघत जेवणाऱ्या मुलाला तो निरोप कळतच नाही, म्हणून जेवताना टीव्ही आणि फोन बंद, आजोबांचासुद्धा. शाळेतून आल्या आल्या भूक लागते तेव्हा समोर जे दिसेल ते खाल्लं जातं. त्या वेळी ओट्यावर पेरू, उकडलेल्या शेंगा, ताक तयार हवं, आणि फरसाणाचा डबा घरात नसलेलाच बरा. लपवून ठेवलेला डबा मुलाला सापडतो.

इथंच पथ्य घराला का लावायचं ते कळतं. एकाच पंगतीत थोरल्याला वाटी मोजून आणि धाकट्याला वडापाव, हे आठवड्याच्या वर टिकत नाही. थोरला चोरून खायला शिकतो. अमेरिकेत लिओनार्ड एपस्टाइन यांनी ६ ते १२ वर्षांच्या लठ्ठ मुलांवर कुटुंबासह उपचार केले आणि दहा वर्षांनी पुन्हा तपासलं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षात ज्या गटात आई-वडिलांनीही सवयी बदलल्या आणि त्यांचीही दखल घेतली गेली, त्या गटातल्या मुलांचं वजन सर्वांत चांगलं आटोक्यात होतं. आपल्या एकत्र कुटुंबांत यात आज्जी-आजोबा धरावेच लागतील, कारण लाडाचा खाऊ त्यांच्या हातून येतो. त्यांना दटावून उपयोग नाही. बक्षीस म्हणून कंदी पेढ्याऐवजी नातवाला बाजारात सोबत नेणं, पतंग करून देणं, विहिरीवर पोहायला शिकवणं हे काम त्यांच्याकडं सोपवावं. दिवाळी, यात्रा, लग्नसराई येणारच. त्या दिवशी मोजून खा म्हणण्यापेक्षा फराळाचा डबा पाडव्यानंतर घरात उरणार नाही, एवढं बघितलं तरी बरंच साधतं.

व्यायामाबद्दल एक गैरसमज पालकांना फार महाग पडतो. ४५ किलोचं मूल अर्धा तास भरभर चाललं तर ८० ते १०० कॅलरी जळतात. वडापावात तीनशेच्या आसपास असतात. "खा, मग मैदानाला दोन चकरा मार" हे गणित कधीच जुळत नाही. तरीही व्यायाम हवाच, कारण वजन हललं नाही तरी इन्सुलिनला शरीर पुन्हा दाद देऊ लागतं, झोप सुधारते, रक्तदाब उतरतो. मात्रा आहे रोज सरासरी ६० मिनिटं, दम लागेल पण बोलता येईल इतकी, आणि आठवड्यातून तीन दिवस त्याहून जोराची. लठ्ठ मुलाला पहिल्या दिवशी अजिंक्यताऱ्यावर पळवत नेऊ नका. गुडघे दुखतात, बाकीची पोरं हसतात आणि मूल कायमचं मैदान सोडतं. सुरुवात दोनदा पंधरा मिनिटं चालण्यानं करावी, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवावीत. मग सायकल, पोहणं, सूर्यनमस्कार. तालीमही चालेल, पण वस्तादांना आधी सांगून, आणि खुराकाविना.

पण साठ मिनिटं आणायची कुठून? पाचवीपासूनच्या मुलाचा दिवस शाळा, शिष्यवृत्ती, नवोदय, सैनिक स्कूलचे वर्ग यांत रात्री साडेआठपर्यंत भरलेला असतो. मग जेवण, गृहपाठ, थोडा मोबाइल, अकरा वाजतात. सहा ते बारा वयाला ९ ते १२ तास झोप लागते. सहाला उठायचं तर नऊला डोळा लागायला हवा. झोप तुटली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, तृप्तीचं लेप्टिन घटतं आणि दुसऱ्या दिवशी गोड-तळलेलंच हवंसं वाटतं. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य शासनानं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, ते याच कारणासाठी योग्य होतं. खासगी शिकवण्यांना असं वेळापत्रक कुणी लावत नाही. पालकांनी एकत्र येऊन संध्याकाळी पाच ते साडेसहा हा वेळ शिकवणीमुक्त मागितला तर क्लासवाले ऐकतील, कारण फी पालकांच्याच खिशातून जाते.

खेळायला जागा हा त्यापुढचा प्रश्न. सांगलीत कृष्णेच्या घाटावर पोरं पोहायला शिकत. आता मगरी आणि सांडपाणी यांमुळे आई पोराला नदीवर सोडत नाही, आणि ते बरोबरच आहे. सांगलीच्या विश्रामबागेपासून साताऱ्याच्या शाहूपुरीपर्यंत मोकळे प्लॉट बांधले गेले. उरली शाळांची मैदानं. ती शाळा सुटली की कुलूपबंद होतात. लोकवर्गणी आणि सरकारी अनुदान यांवर उभ्या राहिलेल्या मैदानाचं फाटक मुलांच्या खेळायच्या वेळी बंद असणं, हे आमच्या मते या सगळ्यातलं सर्वांत सहज सुधारता येण्यासारखं चुकीचं काम आहे.

शाळेच्या फाटकाबाहेरही नियम आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. पन्नास मीटर म्हणजे शंभर मुलांच्या ओळीएवढं अंतर. ते मोजायला टेपसुद्धा लागत नाही. पण हातगाडीवाल्याला हाकलून देणं हा मार्ग नव्हे, त्याच्याही घरी पोरं आहेत. उकडलेल्या शेंगा, कणीस, पेरू, काकडी, बोरं विकायला शाळेनं त्याला मधल्या सुट्टीत आत जागा द्यावी आणि पाकिटं बाहेर ठेवायला लावावीत. शालेय पोषण आहाराला मात्र कुणी हात लावू नये. पहिली ते पाचवीला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० आणि २० ग्रॅम, हे ताट लठ्ठ मुलासाठीही बाहेरच्या खाण्यापेक्षा केव्हाही चांगलं आहे.

राहिला २६ तासांचा प्रश्न, आणि तो वाटतो तेवढा अवघड नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून एकदा शाळेत येऊन उंची-वजन मोजतात. त्यातून तक्त्यावरची रेघ ओलांडलेली मुलं निवडावीत आणि बंद पाकिटातून पालकांना कळवावं. वर्गात नाव पुकारलं तर ते मूल पुढच्या तपासणीला गैरहजर राहील. दहा कुटुंबांचा एक गट, शनिवारी दुपारी शाळेतच. पहिले आठ आठवडे दर आठवड्याला दीड तास, म्हणजे १२. पुढे पंधरवड्यातून एकदा दीड तास, आठ वेळा, म्हणजे आणखी १२. शेवटी महिन्यातून एकदा एक तास, दोनदा. आठ महिन्यांत २६ तास भरले. प्रत्येक बैठकीत वीस मिनिटं आहाराची, घरून आणलेल्या पाकिटांवरचे साखर-तेलाचे आकडे वाचून. अर्धा तास पालकांसह खेळ: लगोरी, खो-खो, दोरीउड्या. उरलेला वेळ गेल्या आठवड्यात काय अडलं त्याचा. आहारतज्ज्ञ मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या रुग्णालयांतून पंधरा दिवसांतून एकदा येऊ शकतात, बाकीचं प्रशिक्षण घेतलेली आरोग्यसेविका आणि क्रीडाशिक्षक निभावतील. शनिवारी वडिलांना कामावरून येता येत नाही, ही अडचण हमखास येईल. ऊसतोडीच्या हंगामात आणि द्राक्षांच्या छाटणीत तर येईलच. तिथं बैठक रात्री आठला गावच्या मारुतीच्या देवळात घ्यावी.

पुढच्या जूनमध्ये शाळा उघडतील. शाळा व्यवस्थापन समितीची पहिली बैठक होईल, तिथं पालकांनी दोन ठराव मांडावेत: संध्याकाळी पाच ते सात मैदानाचं फाटक उघडं राहील आणि त्याची किल्ली अमुक पालकाकडे असेल, शनिवारचा एक वर्ग आरोग्य गटाला मिळेल. किल्ली घेणाऱ्या पालकाचं नाव ठरावातच लिहून घ्यावं, नाहीतर फाटक दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बंद होतं.